वांग्यावरचा आळ

दिवाळीनंतरच्या टपालात दरवर्षी डोकेदुखीची पत्रं जास्त असतात. कापूस वेचणी जोरात असते, सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, तुरीवर फवारणी सुरू असते आणि घरात सणावाराचं खाणं झालेलं असतं. बहुतेक पत्रांत दोष एखाद्या पदार्थावर ठेवलेला असतो. वांगं, दही, फल्ली, साबुदाणा, तर्री, कोणी तरी एक सापडतंच. या महिन्यात तशीच पाच पत्रं घेतली आहेत. नावं-गावं गाळली आहेत, मजकूर थोडा कमी केला आहे, भाषा मात्र ज्याची त्याची ठेवली आहे.

प्रश्न : डॉक्टरताई, मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. म्हणजे मी सांगून राहिली अन् माही पोरगी लिहून राहिली, ते आठवीत आहे. माहं वय ३८. घरी चार एकर कपाशी अन् तूर. दोन-तीन सालापासून माहं डोकं लय दुखते. एकाच बाजूचं, ठणठण करते. उजेड सहन होत नाही, पोरायचा आवाज नको वाटते, उलटी झाली का मंग जरा हलकं वाटते. महिन्यातून चार-पाच खेपा तरी होतेच. सासूबाई म्हणे वांगं बाधते, तं वांगं सोडलं. मामेसासू म्हणे दही-ताक सोड, तेही सोडलं. मंग कोणी म्हणे फल्लीदाणे पित्त करते, कोणी म्हणे तुरीचं वरण चालत नाही. आता पोळी, आलूची भाजी अन् मुगाचं वरण, एवढ्यावर आहो. तरी दुखतेच. सोमवारच्या उपासाले तं हटकून दुखते, म्हणून साबुदाणाही सोडाव म्हणतो. मेडिकलातून गोळी आणून घेतो. ताई, मी अजून काय सोडू?

उत्तर : ताई, आता काहीच सोडू नका. आधी जे सोडलं ते परत ताटात घ्या.

तुमच्या पत्रातली लक्षणं अर्धशिशीची, म्हणजे मायग्रेनची दिसतात. एका बाजूला ठणकणं, उजेड आणि आवाज नको वाटणं, उलटी झाल्यावर थोडं हलकं वाटणं, हे सगळं त्यात बसतं. तरी एकदा डॉक्टरकडून तपासून घ्या, त्याबद्दल पुढे लिहिते. अर्धशिशी हा मेंदूचा आणि मज्जातंतूंचा आजार आहे. तो बऱ्याचदा आईकडून-आजीकडून आलेला असतो. अन्न त्याला चाळवू शकतं, पण तो अन्नातून जन्माला येत नाही. आणि चाळवणाऱ्या गोष्टींत अन्नाचा नंबर पुष्कळ खाली लागतो. जेवण चुकणं, झोप मोडणं, ऊन, पाण्याची कमतरता आणि पाळी या गोष्टी त्याच्या पुष्कळ वर आहेत.

मग वांगंच का सापडतं? हिवाळ्यात आपल्याकडे वांगं आठवड्यातून तीन-चार दिवस असतंच. कधी भरीत, कधी आलू-वांगं, कधी लग्नाच्या पंगतीतली रस्सा भाजी. डोकं कोणत्याही दिवशी दुखो, आदल्या दिवशी काय खाल्लं म्हणून मागे वळून पाहिलं तर वांगं दिसणारच. तुरीच्या वरणाचंही तसंच. जे रोज खातो त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं. वांगं खाऊनही डोकं दुखलं नाही असे किती दिवस गेले, ते मात्र कोणी मोजत नाही.

अजून एक गोष्ट आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. अर्धशिशीचं दुखणं सुरू व्हायच्या काही तास आधी, कधी कधी तर एक-दोन दिवस आधी, शरीर बदललेलं असतं. जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, लघवीला वारंवार जावं लागतं, आणि काहीतरी ठरावीक खावंसं वाटतं. कोणाला गोड, कोणाला झणझणीत, कोणाला आंबट. बाई त्या दिवशी मुद्दाम ठेचा कुटते, नाहीतर लोणच्याची फोड मागून घेते, आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसते. लोक म्हणतात, काल ठेचा खाल्ला म्हणून दुखलं. खरं तर दुखणं आधीच निघालेलं असतं आणि त्यानेच ठेचा मागितलेला असतो. तेव्हा पुढच्या वेळी दुखण्याच्या आदल्या दिवशी जांभया येत होत्या का, मान धरली होती का, तेवढं आठवून पाहा.

आता तुमचा सोमवार घेऊ. साबुदाण्याला दोष देण्याआधी मला सांगा, सोमवारी पहिला घास कधी पोटात जातो? आपल्या बायांचा उपास मला माहीत आहे. सकाळी सडा, पाणी भरणं, पोरांचे डबे, सगळ्यांचा स्वयंपाक, मग देवपूजा, आणि खिचडी खाईपर्यंत दुपारचे दोन. रविवारी रात्री नवाला जेवलात असं धरलं तरी सतरा तास पोट रिकामं. आठ तासांच्या वर उपाशी राहिल्यावर डोकं दुखणं हा डोकेदुखीचा एक वेगळा, नोंदलेला प्रकार आहे आणि अर्धशिशीच्या बाईला तो लवकर गाठतो. साबुदाण्याच्या खिचडीत फल्लीचा कूट असतो. फल्लीदाण्यांत शंभर ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या पोटात जाणारी सगळ्यात कसदार वस्तू तीच, आणि तीच तुम्ही सोडायला निघालात. उपास मोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. सकाळी सातला एक केळ, मूठभर भाजलेली फल्ली आणि पेलाभर दूध किंवा ताक घ्या. देवाला ते चालतं.

चहाचंही बघा. वेचणीच्या दिवसांत चार-पाच वेळा चहा होतो. घरी, वावरात, मग संध्याकाळी. ज्याला रोज इतका चहा लागतो त्याने तो एकदम बंद केला तर शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, एक-दोन दिवसांत ते कळसाला जातं आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळतं. हरतालिकेच्या निरंकार उपासाला, नाहीतर नवरात्रात चहा सोडणाऱ्या बायांना दुपारनंतर जे डोकं दुखतं त्यात चहा तुटल्याचाही वाटा असतो, आणि उपाशी-तहानलेलं राहण्याचाही. चहा कमी करायचा तर आठवड्याला एक कप असा कमी करा, आणि बाकीच्या कपांची वेळ रोज तीच ठेवा.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका बाईंचं उदाहरण सांगते. त्यांचा आळ बाजारातल्या भज्यांवर होता. दर शुक्रवारी बाजार, दर शुक्रवारी भजे, आणि संध्याकाळी डोकं. मी त्यांना घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करायला सांगितलं. लिहिता येत नव्हतं, म्हणून खुणा ठरवून घेतल्या. डोकं दुखलं की लाल टिंब, पाळीला फुली, जेवण चुकलं तर रिकामा गोल, उन्हातलं काम असेल तर सूर्य. त्या ते कॅलेंडर गुंडाळी करून, सुतळीने बांधून घेऊन आल्या. टेबलावर पसरलं तर प्रत्येक शुक्रवारी लाल टिंबाच्या बाजूला रिकामा गोल होता. पहाटे पाचला सांबार (कोथिंबीर) आणि मेथीच्या जुड्या बांधायच्या, सहाच्या गाडीने बाजार गाठायचा, आणि दुपारी तीनला विक्री संपल्यावर पहिलं खाणं म्हणजे ते भजे. त्याच बाईंनी गावच्या एका लग्नात भजे पोटभर खाल्ले होते, तो दिवस कॅलेंडरवर कोरा होता. आता त्या पहाटे निघताना फडक्यात भाकर आणि जवसाची चटणी बांधून नेतात आणि गाडीतच खातात. शुक्रवारची टिंबं पुष्कळ कमी झाली. बंद झाली नाहीत, कारण पाळीच्या आधीची दोन-तीन टिंबं तशीच राहिली. त्यांच्यासाठी औषध द्यावं लागलं.

तुम्हीही असंच करा. पोरगी आठवीत आहे, तिच्या हातचं अक्षर चांगलं आहे, तिला कामाला लावा. दोन महिने रोज रात्री एवढंच लिहायचं: डोकं दुखलं का, किती वाजता सुरू झालं, पहिलं जेवण किती वाजता, चहा किती, झोप कशी, पाळी, ऊन, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय खाल्लं. ज्या दिवशी दुखलं नाही त्या दिवशीही लिहायचं, हे विसरू नका. तेच जास्त कामाचं असतं. पाळी यायच्या दोन दिवस आधीपासून पाळीच्या तिसऱ्या दिवसापर्यंतच्या खुणा वेगळ्या मोजा. त्या दिवसांत काहीही खाल्लं तरी दुखू शकतं, त्यामुळे त्या दिवसांवरून कोणत्याही पदार्थाचा निकाल लावायचा नाही.

एवढं करूनही वांग्याचा संशय उरलाच तर त्याची नीट परीक्षा घ्या. एका वेळी एकच पदार्थ. तीन आठवडे वांगं पूर्ण बंद, बाकी सगळं नेहमीसारखं. मग असा दिवस निवडा की झोप झाली आहे, जेवण वेळेवर आहे, पाळी लांब आहे. त्या दिवशी नेहमीएवढंच वांगं खा आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत वाट पाहा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तसंच, मग पुन्हा एकदा. तिन्ही वेळा दुखलं तर वांगं खरंच तुम्हाला चालत नाही, खुशाल सोडा. एकदा दुखलं आणि दोनदा नाही, तर वांगं निर्दोष. दही, फल्ली, तूर यांचीही अशीच एकेक करून पारख होते. पाच पदार्थ एकदम सोडले की बरं वाटलं तरी कशामुळे ते कळत नाही, आणि नाही वाटलं तर माणूस सहावा पदार्थ शोधायला निघतो. मात्र एखादी वस्तू खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला असेल, तर ती घरी पुन्हा खाऊन बघायची नाही.

तुमच्या ताटाची मला जास्त काळजी वाटते. सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई आधीच कमी खाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांचं रक्त कमी निघालं. अशा बाईच्या ताटातून ऐकीव गोष्टीवर तूर, फल्ली आणि दही काढून घेणं मला अजिबात मान्य नाही, मग ते कितीही मायेने केलेलं असो. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांनी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं, पण आता त्यांनीच तुम्हाला वरणाची वाटी पुढे करावी. आणि वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिण्याची सवय सोडा. दोन-तीन जणींनी मिळून जागा ठरवा, पाण्याची कॅन बरोबर ठेवा.

गोळीबद्दल. ती महिन्यात किती दिवस घेता, ते तुम्ही लिहिलं नाही. साधी दुखण्याची गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं तर त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं. कॅलेंडरवर गोळीचीही खूण करा. महिन्यात चार-पाच वेळा दुखत असेल तर ते येऊच नये म्हणून रोज घ्यायची औषधं आहेत. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन ही जुनी आणि स्वस्त औषधं आहेत, पण ती डॉक्टरनेच ठरवायची. दमा असणाऱ्याला पहिलं चालत नाही. ग्रामीण रुग्णालयात जाऊन बीपी, हिमोग्लोबिन आणि डोळे तपासून घ्या, कॅलेंडर सोबत न्या. एकदम विजेसारखं, आयुष्यात कधी नव्हतं असं दुखलं, तापाबरोबर मान ताठ झाली, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा डोक्याला मार लागल्यावर दुखत असेल, तर मात्र कॅलेंडर-बिलेंडर बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठायचा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी आणि गरोदरपणातली जोराची डोकेदुखी, याही अंगावर काढायच्या नाहीत.

प्रश्न : मी अमरावतीला रूम करून शिकतो, गाव अचलपूरकडचं. रात्री गाडीवरचं मंचुरियन-नूडल्स खाल्लं की सकाळी डोकं जड असते. मित्र म्हणतात अजिनोमोटोने होते. खरं आहे का?

उत्तर : भाऊ, अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा या रसायनतज्ज्ञाने समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरने पत्र लिहिलं की चिनी हॉटेलात जेवल्यावर आपल्याला मान बधिर होणं आणि धडधड असा त्रास होतो, आणि तिथून हा समज जगभर पसरला. पुढे लोकांना न सांगता कधी ग्लुटामेट, कधी साधी पूड देऊन चाचण्या झाल्या, तेव्हा अन्नातून घेतलेल्या ग्लुटामेटने डोकं दुखतं हे ठामपणे दिसलं नाही. काही थोड्या लोकांना उपाशीपोटी मोठ्या मात्रेत, तीन ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त घेतल्यावर तात्पुरता त्रास होऊ शकतो. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टमाट्यातही असतं, आणि टमाट्याच्या चटणीने तुझं डोकं दुखत नसेल.

गाडीवर रात्री अकराला खाणं, त्यातलं मीठ, पाणी न पिता झोपणं आणि एक-दोनपर्यंत मोबाइल, ही माझ्या मते जास्त मोठी कारणं आहेत. नूडल्सबरोबर प्यायलाही काही असेल तर सकाळच्या जड डोक्यासाठी दुसरं कारण शोधायला नको. दारू हे डोकेदुखीचं पक्कं, सिद्ध झालेलं कारण आहे. तेच मंचुरियन एखाद्या रविवारी संध्याकाळी सातला खा, दोन पेले पाणी पी आणि वेळेवर झोप. सोमवारी सकाळी काय होतं ते मला कळव.

प्रश्न : वर्धा जिल्ह्यातला शेतकरी आहो, वय ५४. जोडधंदा म्हणून दोन गाई घेतल्या. घरचं दूध म्हणून सकाळी गिलासभर पितो तं तासाभरात पोट गुडगुडते, फुगते, कधी पातळ होते. दही-ताकाने काही होत नाही. गाईत दोष आहे का मले दुधाची अॅलर्जी आहे? अन् हरभरा-तुरीनेही गॅस होते, त्याचं काय करू?

उत्तर : काका, दोष गाईत नाही, आणि ही अॅलर्जीही नाही. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवणारं द्रव्य लहानपणी भरपूर तयार होतं आणि पुष्कळांमध्ये वयानुसार कमी होत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात गेली की तिथले जंतू तिला आंबवतात, म्हणून गॅस, गुडगुड आणि पातळ संडास. दही विरजताना त्यातली काही साखर जंतूंनी आधीच खाल्लेली असते आणि उरलेली पचवायलाही तेच जंतू मदत करतात, म्हणून दही-ताक तुम्हाला चालतं.

दोन आठवडे नुसतं दूध बंद ठेवा, चहातलं तेवढं चालेल. नंतर एका सकाळी उपाशीपोटी गिलासभर घ्या. दोन तासांत तोच त्रास झाला तर उत्तर मिळालं, वेगळी तपासणी नको. मग दूध भाकरीबरोबर, अर्धा पेला असं घेऊन बघा, पुष्कळांना तेवढं सोसतं. नाहीतर दही, ताक, कढी करा. घरी दोन गाई असताना दूधदुभतं सगळंच बंद करू नका, या वयात हाडांना ते लागतं.

हरभरा आणि तुरीने होणाऱ्या गॅसबद्दलही तुम्ही शेवटी विचारलं आहे. त्यात अशाच न पचणाऱ्या साखरा असतात. डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दिलं आणि ताज्या पाण्यात शिजवली की त्रास कमी होतो. एक मात्र ध्यानात ठेवा. पन्नाशीनंतर संडासची सवय नव्याने बदलली असेल, वजन उतरत असेल किंवा रक्त पडत असेल, तर ते दुधावर ढकलू नका, तपासून घ्या.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. कधी पोट दुखतं, कधी डोकं. शहरातल्या एका ठिकाणी दोनशेच्या वर पदार्थांची रक्ततपासणी केली, खूप पैसे गेले. रिपोर्टमध्ये गहू, दूध, अंडं, तूर आणि केळ लाल रंगात दाखवलं आहे. शाळेतली खिचडीही बंद केली. आता त्याला काय देऊ? (पुसद)

उत्तर : ताई, त्याला उद्यापासून सगळं द्या, शाळेतली खिचडीसुद्धा. या पॅकेजमध्ये बहुतेक वेळा रक्तातलं आयजीजी नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) मोजतात. आपण जे अन्न नेहमी खातो त्याविरुद्ध ते सर्वांच्याच रक्तात सापडतं. तो त्या अन्नाशी शरीराची ओळख असल्याचा पुरावा आहे, ते बाधत असल्याचा नाही. विदर्भातल्या पोराच्या रक्तात तूर आणि गहू दिसणार नाही तर काय दिसणार? अमेरिका, युरोप आणि कॅनडातल्या अॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी ही चाचणी या कामासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. रिपोर्ट माझ्याकडे आणणाऱ्या आया दमलेल्या असतात, कर्ज काढून आलेल्या असतात, आणि पोरगा महिनाभर भात-साखरेवर असतो. मला त्याचा फार संताप येतो.

खरी अन्नाची अॅलर्जी वेगळी दिसते. झिंगे खाल्ले की काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, खाज सुटते, कधी श्वास अडकतो, आणि दर वेळी तसंच होतं. तिथे आयजीई नावाची तपासणी किंवा त्वचेवरची चाचणी उपयोगी पडते, तीही एकेका संशयित पदार्थाची.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मी आधी साध्या गोष्टी बघेन. सकाळी काही खाऊन शाळेत जातो का, संडासला रोज होते का, फळ्यावरचं दिसतं का, जंताची गोळी शाळेत मिळाली तेव्हा घेतली का, झोप किती. वजन-उंची वाढत नसेल, पोट फुगलेलं असेल, रक्त कमी असेल तर गव्हाच्या आजाराची, म्हणजे सीलिअॅकची एक खास रक्ततपासणी असते. ती पोरगा गहू खात असतानाच करायची. गहू बंद करून महिने गेले की आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. म्हणूनही पोळी आज सुरू करा आणि मग बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : ताई, आमचे हे दुसऱ्याच्या वावरात फवारणीले जातात. संध्याकाळी आले का डोकं दुखते म्हणतात, मळमळते, घाम सुटते. मी ढेमसाची भाजी बांधून देतो, ते म्हणतात ढेमसंच बाधते. मी डब्यात काय देऊ? (घाटंजी)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी सगळ्यात आधी वाचायला हवं होतं इतकं ते निकडीचं आहे. ढेमसाचा इथे काही संबंध नाही. फवारणी करून आलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ आणि घाम ही तीन लक्षणं असतील तर ती औषधाची विषबाधा आहे असंच धरून चालायचं. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते. सुरुवात अशाच डोकं दुखण्याने होते.

यांना तंबाखू-सुपारीचा खर्रा खायची सवय आहे का? फवारणीच्या हाताने पन्नीतला खर्रा घोटून तोंडात टाकला की औषध सरळ पोटात जातं. तंबाखूनेही मळमळ आणि चक्कर येते, म्हणून दोन्हीची लक्षणं एकमेकांत लपतात. काम चालू असताना खर्रा, बिडी, पाणी, डबा यांपैकी काहीही साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय नाही. डबा फवारणीच्या जागेपासून लांब, झाकून ठेवा. सकाळी उपाशी पाठवू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, नाका-तोंडावर मास्क, वारा पाठीकडून, आणि दुपारच्या उन्हात फवारणी नाही. दोन-तीन औषधं एका पंपात मिसळायला मालक सांगत असेल तर नाही म्हणायचं. घरी आल्यावर अंगणातच कपडे काढून साबणाने अंघोळ, आणि ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवायचे. तुम्ही धुताना हातात पन्नी नाहीतर मोजे घाला.

पुढच्या वेळी डोकेदुखीबरोबर डोळ्यांना अंधुक दिसू लागलं, तोंडाला लाळ सुटली, अंग फडफडू लागलं किंवा दम लागला, तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. दूध पाजू नका, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नका. कपडे काढा, अंग धुवा, १०८ ला फोन करा. औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत न्या, कारण कोणतं औषध आहे त्यावर उतारा ठरतो. आणि या आठवड्यातच एकदा त्यांना ग्रामीण रुग्णालयात दाखवून आणा. तोवर फवारणीचं काम बंद ठेवायला सांगा. डब्यात ढेमसं दिलं तरी चालेल.